'थिअरी ऑफ नॉलेज' : इथे पाठांतर चालत नाही

आयबी डिप्लोमाच्या मुलांचे पालक हमखास विचारतात, "या विषयात पाठ काय करायचं?" पाठ करण्यासारखं फारसं नाहीच. पण हलक्यात घेऊ नका. यात 'ई' श्रेणी आली तर बाकी गुण कितीही असोत, डिप्लोमा मिळत नाही.

मूल्यमापन दोन भागांत होते : दिलेल्या सहा शीर्षकांपैकी एकावर १६०० शब्दांपर्यंत निबंध आणि तीन वस्तूंचे प्रदर्शन.

मुलं अडतात ती उदाहरणांत. 'विज्ञान बदलत असतं' एवढ्याने भागत नाही. त्यापेक्षा घरातलं जुनं भूगोलाचं पुस्तक काढा. त्यात ग्रह नऊ असतील. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदानाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो यादीतून गेला. प्लूटो तर होता तसाच आहे, मग बदललं काय? व्याख्या ठरवायची कोणी? खरा निबंध इथून सुरू होतो.

पालकांनो, उत्तरं सांगू नका. जेवताना एखादी बातमी घ्या आणि विचारा, "हे खरं कशावरून? दुसरी बाजू काय म्हणेल?" शिक्षकांनीही वर्गात हेच करावं. रोज दहा मिनिटं पुरतात.