निवटी : चिखलातला मासा

(द्वितीय वर्ष, कला)

पाण्याबाहेर काढला की मासा तडफडून मरतो, असे आपण सारे शाळेत शिकलो. रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या पोराला मात्र हे वाक्य पुरते पटत नाही. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी त्याने लहानपणापासून पाहिलेली असते.

निवटी हा खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात राहणारा लहान मासा. लांबी फार तर वीतभर, रंग चिखलाचाच, आणि डोळे बेडकासारखे डोक्यावर वर आलेले. पुढच्या परांवर रेटा देत ती चालते व शेपटीच्या झटक्याने उडी घेते. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते. शिवाय ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आतील अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. अंग वाळले तर हा श्वास बंद पडेल, म्हणून ती वारंवार चिखलात लोळते. आपल्याकडील मोठ्या निवटीचे मुख्य खाद्य म्हणजे चिखलावरील सूक्ष्म शेवाळ. या जातीला ‘बोलिओफ्थॅल्मस दुसुमिएरी’ हे शास्त्रीय नाव व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३७ साली दिले.

हे मी आपल्या ग्रंथालयात वाचले. निवटीच्या बिळाला एकाहून अधिक तोंडे असतात, या वाक्यापाशी मात्र मी थबकलो. माझी आई हेच सांगते : “एक तोंड टाचेने दाब, मग दुसऱ्यात हात घाल.” आई शाळेत गेलेली नाही. गुडघाभर चिखलात निवट्या धरून, त्या बाजारात विकून तिने माझी फी भरली. वसतिगृहात कोणी विचारले, तर ‘आई घरीच असते’ असे मी सांगत आलो.

गेल्या दिवाळीत तिची टोपली अर्धीच भरलेली दिसली. खाडीच्या एका अंगाला भराव पडला आहे. तिथली तिवरे गेली, बिळेही गेली. कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या हक्काचाच भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. आमच्या घरापुरता त्याचा अर्थ मला त्या टोपलीत दिसला.

मित्रहो, येत्या सुट्टीत मी आईबरोबर चिखलात उतरून तिला ठाऊक असलेले सारे वहीत उतरवणार आहे. आणि आई काय करते, हे आता इथे छापूनच सांगतो : ती निवट्या पकडते.