बेसबॉलचे शब्द : नाव ओळखीचे, अर्थ वेगळा

२०२८ मध्ये लॉस एंजेलिसला होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ असणार आहेत. क्रिकेट आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बेसबॉल मात्र टीव्हीवर लागला, की दहा मिनिटांत कोणीतरी विचारतो, "हे नक्की चाललंय काय?" आणि चॅनल बदलतो.

आपण चॅनल बदलतो त्याचे कारण नवे शब्द नाहीत, जुने शब्द आहेत. बॉल, पिच, स्ट्राइक, रन, आउट, इनिंग. हे सगळे आपल्याला क्रिकेटमधून येतात आणि प्रत्येकाचा अर्थ बेसबॉलमध्ये बदलतो. गेम्स पीरियडला ज्युनियर कॅडेट्सना नियम समजावताना मी या शब्दांची एक वही केली. त्या वहीतून हा पाठ तयार झाला. ज्या पालकांना हा खेळ अनोळखी आहे, त्यांनाही तो वाचता यावा म्हणून सुरुवात मैदानापासून करतो.

१. मैदान आणि खेळाडू

एक चौकोन डोळ्यासमोर आणा आणि तो एका कोपऱ्यावर उभा करा. म्हणूनच या भागाला 'डायमंड' म्हणतात. खालच्या कोपऱ्यात होम प्लेट, उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा. एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंत ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर. बॅटर होम प्लेटजवळ उभा राहतो. त्याच्यापासून ६० फूट ६ इंच अंतरावर, चौकोनाच्या मध्यभागी, पिचर उभा असतो.

होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून सरळ पुढे जाणाऱ्या दोन रेषा म्हणजे फाउल लाइन. त्यांच्या आत पडलेला बॉल 'फेअर', बाहेरचा 'फाउल'. क्रिकेटमध्ये बॅट्समन चारी दिशांना मारू शकतो. इथे लेट कट आणि लेग ग्लान्सला किंमत नाही. समोरचा काटकोनच आपला.

मैदानावर नऊ क्षेत्ररक्षक असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेसमन ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागे डावीकडून उजवीकडे तीन आउटफिल्डर ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली मोठी जागा सांभाळतो. पिचर आणि कॅचर यांच्या जोडीला 'बॅटरी' म्हणतात. तोफखान्यातही बॅटरी असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

२. जुने शब्द, नवे अर्थ

पिच : क्रिकेटमध्ये पिच म्हणजे जमीन, इथे पिच म्हणजे पिचरने केलेली फेक. बॉल टप्पा न घेता येतो.

स्ट्राइक : क्रिकेटमध्ये स्ट्राइक मिळाला तर बॅट्समन खूश होतो. बेसबॉलमध्ये स्ट्राइक बॅटरच्या विरुद्ध मोजतात. होम प्लेटच्या वर, बॅटरच्या गुडघ्याच्या जरा खालून छातीपर्यंतच्या काल्पनिक खिडकीला 'स्ट्राइक झोन' म्हणतात. त्या खिडकीतून बॉल गेला आणि बॅटरने मारला नाही, तर स्ट्राइक. बॅट फिरवली आणि बॉल लागला नाही, तरी स्ट्राइक. पहिले दोन फाउलही स्ट्राइक धरतात. असे तीन झाले की बॅटर आउट. मात्र दोन स्ट्राइक झाल्यावर साधा फाउल गेला तर तिसरा स्ट्राइक मोजत नाहीत.

बॉल : खिडकीच्या बाहेरून गेलेल्या आणि बॅटरने सोडून दिलेल्या पिचलाच 'बॉल' म्हणतात. हा आपल्या वाइडचा चुलतभाऊ, पण वाइडला लगेच एक रन मिळतो, इथे नुसती मोजणी होते. चार बॉल झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. याला 'वॉक' म्हणतात.

रन : क्रिकेटमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले की एक रन. इथे तिन्ही बेसना पाय लावून होमवर परत यावे लागते, म्हणजे ३६० फूट, सुमारे ११० मीटर. तेव्हा एक रन. तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचून डाव संपला तर हाती शून्य.

इनिंग : दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात तेव्हा एक इनिंग पूर्ण होते. तीन आउट झाले की बाजू बदलते. सामना नऊ इनिंगचा असतो.

आउट : क्रिकेटमध्ये आउट झालेला बॅट्समन पॅड सोडून बसतो. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम ठरलेला असतो आणि तो फिरत राहतो. आता आउट झालेल्याची पाळी पुढे पुन्हा येते.

स्ट्राइक टाकणे किती अवघड आहे याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. २००८ मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली. त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन क्लबने त्यांच्याशी करार केला. भाल्यामुळे हातात ताकद होतीच. पण बॉल वेगाने फेकणे आणि तो त्या न दिसणाऱ्या खिडकीतून नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोघांना खेळ आणि त्याचे शब्द मुळापासून शिकावे लागले. २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला.

३. बाद होण्याचे मुख्य प्रकार

स्ट्राइक आउट वर आलेच. फटका हवेत गेला आणि टप्पा पडण्याआधी झेलला, तर 'फ्लाय आउट', म्हणजे आपले झेलबाद. रनर बेसवर नसताना क्षेत्ररक्षकाने हातातल्या बॉलने किंवा बॉल असलेल्या ग्लव्हने त्याला स्पर्श केला, तर 'टॅग आउट'. याला मराठीत सरळ 'शिवून बाद' म्हणावे. शिवाशिवी खेळलेल्या कोणालाही तो लगेच कळेल.

चौथा प्रकार 'फोर्स आउट'. नवख्या खेळाडूचे सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतात, म्हणून त्याला वेगळा भाग देतो.

४. फोर्स : खो-खोने समजणारा शब्द

फोर्स म्हणजे सक्ती. कोणाची सक्ती, हे समजायला खो-खो आठवा. बसलेल्या खेळाडूला खो मिळाला की त्याला उठावेच लागते, कारण खो देणारा त्याच्या जागेवर बसतो. एका जागी दोघे बसू शकत नाहीत. खो मिळाला नसेल तर उठायचे कारणच नाही.

बेसबॉलमध्ये एका बेसवर एकच रनर थांबू शकतो. समजा पहिल्या बेसवर आपला रनर आहे आणि बॅटरने बॉल जमिनीवरून मारला. आता बॅटरला पहिल्या बेसकडे पळणे भाग आहे. म्हणजे त्याने तिथल्या रनरला जणू खो दिला. रनरला दुसऱ्या बेसकडे जावेच लागते. ही सक्ती असल्यामुळे क्षेत्ररक्षकाला त्या रनरला शिवायची गरज नाही. हातात बॉल घेऊन, रनर पोहोचण्याआधी, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला की आउट.

आता पहिला बेस रिकामा आणि रनर दुसऱ्या बेसवर आहे असे समजा. बॅटर पहिल्याकडे पळाला तरी दुसऱ्यावरच्या रनरची जागा कोणी मागत नाही. खो मिळालेला नाही. तो थांबू शकतो. तो तिसऱ्याकडे पळाला, तर त्याला शिवूनच आउट करावे लागेल.

यातूनच 'डबल प्ले' कळतो, म्हणजे एका फटक्यावर दोन आउट. पहिल्या बेसवर रनर आहे, बॉल शॉर्टस्टॉपकडे आला. तो दुसऱ्या बेसमनकडे फेकतो, तो बेसवर पाय ठेवून लगेच पहिल्या बेसमनकडे फेकतो. स्कोअरर लिहितो ६-४-३. मग क्रम उलटा केला तर? आधी पहिल्या बेसवर बॅटरला आउट केले, की मागून येणारा कोणी उरत नाही. सक्ती संपली. आता दुसऱ्याकडे पळणाऱ्या रनरसाठी बेसवर पाय ठेवून चालणार नाही, त्याला शिवावे लागेल. तेच दोन फेकी, पण क्रम बदलला की नियमच बदलतो. आणि हे ठरवायला शॉर्टस्टॉपला एक सेकंदही मिळत नाही. म्हणून प्रत्येक पिचच्या आधी 'फोर्स कुठे आहे?' हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला असतो.

फटका झेलला गेला तर बॅटरच आउट, म्हणजे खो देणाराच नाहीसा झाला. सक्ती नाही. उलट रनरने बेस आधीच सोडला असेल, तर त्याला परत येऊन बेसला पाय लावावा लागतो. झेल घेतला गेल्यावर बेसला पाय लावून तो पुन्हा पुढे पळू शकतो. याला 'टॅग अप' म्हणतात.

५. सॅक्रिफाइस

मला सर्वांत आवडलेला शब्द हा. पहिल्या बेसवर रनर आहे, आउट एकही नाही. बॅटर जोरात न मारता बॅट आडवी धरून बॉल जवळच हळू पाडतो. या फटक्याला 'बंट' म्हणतात. क्षेत्ररक्षक धावत येऊन बॉल उचलेपर्यंत रनर दुसऱ्या बेसवर पोहोचलेला असतो. बॅटर स्वतः पहिल्या बेसवर आउट होतो, आणि त्याला ते आधीच माहीत असते. हा 'सॅक्रिफाइस बंट'. उंच झेल देऊन तिसऱ्या बेसवरच्या रनरला टॅग अप करून घरी आणले, तर 'सॅक्रिफाइस फ्लाय'.

विशेष म्हणजे स्कोअरबुक हा त्याग ओळखते. अशा वेळची बॅटिंग बॅटरच्या 'ॲट बॅट'मध्ये धरत नाहीत, म्हणून त्याची सरासरी घसरत नाही. तेच स्कोअरबुक सोपा बॉल सोडणाऱ्याच्या नावावर 'एरर' लिहिते, आणि संघाचे एरर रन व हिट यांच्या शेजारी मैदानाच्या फळ्यावर झळकतात. दोन आउट आधीच झाले असतील तर मात्र त्याग वाया जातो, कारण तिसऱ्या आउटबरोबर बाजूच बदलते.

६. मराठी शब्द कोणते घ्यावेत?

क्रिकेट मराठीत आणताना बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मोठे काम केले. पायचीत, यष्टिचीत, षटक, निर्धाव हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. मग बेसबॉलचेही सगळे शब्द मराठीत करावेत का?

मला वाटते, आधी एक गोष्ट पाहावी : शब्द ओरडायचा आहे, की समजून घ्यायचा? आमच्या परेडला 'तेज चल' म्हटले की मराठी, कन्नड, मल्याळम बोलणारे सगळे एकदम पाऊल टाकतात. आज्ञा छोटी असते आणि सर्वांना एकच असते. खो-खोतला 'खो' तर एकाच अक्षराचा. म्हणून मैदानावर ओरडायचे शब्द, म्हणजे स्ट्राइक, बॉल, फाउल, सेफ, आउट, टॅग, फोर्स, आहेत तसेच ठेवावेत. इथे बंगळुरूत आमच्या संघात चार-पाच भाषा असतात, तिथे दुसरे काही चालणारही नाही.

समजावताना मात्र मराठी वापरावे. माझ्या वहीत टॅग आउटला 'शिवून बाद', फ्लाय आउटला 'झेलबाद', स्टीलला 'बेस चोरणे' आणि होमला 'घर' असे लिहिले आहे. 'डाव' हा शब्द मी अर्ध्या इनिंगसाठी ठेवला, कारण आपल्या कानाला डाव म्हणजे एका संघाची पाळी. पूर्ण इनिंगला 'फेरी' लिहिले. फोर्सपुढे फक्त 'खो मिळाला का?' एवढेच लिहिले आहे.

शब्द परका असला तरी खेळता खेळता आपला होतो, याचा पुरावा विटीदांडूत आहे. त्यात वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणतात. आता एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या मित्राला एक ते चार मोजायला सांगा : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. भाषांतर कोणीच केले नाही, आणि कोणाचे अडलेही नाही.

७. स्वतःला तपासा

प्रश्न १ : रनर दुसऱ्या बेसवर, पहिला रिकामा. बॉल जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला आणि रनर तिसऱ्याकडे पळाला. तिसऱ्या बेसमनने बॉल घेऊन रनरच्या आधी बेसवर पाय ठेवला. आउट?

प्रश्न २ : दोन स्ट्राइक झालेत. बॅटरने पूर्ण बॅट फिरवली, बॉल जमिनीवरून फाउल गेला. आउट?

प्रश्न ३ : दोन आउट. रनर पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर. बॉल जमिनीवरून गेला. तिसऱ्यावरचा रनर घरी पोहोचला, त्यानंतर दुसऱ्या बेसवर फोर्स आउट झाला. रन मिळेल?

उत्तरे : (१) नाही. खो मिळालेला नव्हता, शिवायला हवे होते. (२) नाही. मोजणी दोन स्ट्राइकवरच राहते. (३) नाही. तिसरा आउट फोर्सने झाला, तर त्या फटक्यावर आधी पूर्ण झालेला रनही धरत नाहीत.

तिसरे उत्तर बरोबर आले असेल, तर पुढचा सामना लागल्यावर चॅनल बदलू नका. शेजारी बसलेल्याला समजावून सांगा.