व्रतस्थांना योग्य नांव

विद्यार्थीहो, भाषांतराच्या वह्यांत एक दोष वारंवार आढळतो. मूळ उताऱ्यांत मठवासी पुरुष आला कीं 'साधु', मठवासी स्त्री आली कीं 'जोगीण', आणि झगा घातलेला कोणीही आला कीं 'पाद्री' असें लिहून तुम्ही मोकळे होतां. यांपैकीं 'जोगीण' हा शब्द विशेष अनर्थकारक आहे. आपल्या प्रांतांत तो ऐकतांच देवीला वाहिलेल्या स्त्रिया डोळ्यांपुढें येतात. जिनें स्वेच्छेनें आजन्म व्रत घेतलें, तिची ओळख त्यानें पुसली जाते. व्रतस्थ मनुष्य घर, धन आणि पुष्कळदां जन्मनांवही सोडतो. मागें उरतें तें त्याच्या व्रताचें नांव. तेंही आपण चुकविलें, तर त्याला ओळखावें कशानें?

हा विवेक स्पॅनिश भाषेवरून चांगला शिकतां येतो; कारण तीत निरनिराळ्या जीवनपद्धतींना निरनिराळे शब्द आहेत. मठांत स्थिर राहून प्रार्थना व श्रम करणारा बेनेडिक्टाइन तो 'मोंखे'. लोकांत फिरून उपदेश करणारा, मूळचा भिक्षेवर राहणारा फ्रान्सिस्कन किंवा डोमिनिकन तो 'फ्राइले'. त्याच्या नांवाआधीं मात्र 'फ्राय' हें लहान रूप लागतें. याजकपदाची दीक्षा झालेल्यास 'पाद्रे', म्हणजे पिता, म्हणतात. व्रतें घेऊनही जो याजक झाला नाहीं तो 'एर्मानो', म्हणजे बंधु. मठवासिनी ती 'मोंखा', आणि तिच्या नांवाआधीं 'सोर'. १६९५ सालीं निवर्तलेली मेक्सिकोची थोर कवयित्री 'सोर ख्वाना' याच नांवानें जगाला ठाऊक आहे.

आतां एक उदाहरण सोडवूं. स्पेन देशांत जन्मलेले इतिहाससंशोधक हेरास १९२२ सालीं मुंबईस आले, सेंट झेवियर कॉलेजांत शिकवूं लागले आणि १९५५ सालीं मुंबईसच वारले. ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट होते. जेझुइट व्रतस्थ खरे. पण ते मठांत कोंडून राहत नाहींत, म्हणून 'मोंखे' नव्हत. त्यांचा संघ भिक्षुसंघांत मोडत नाहीं, म्हणून 'फ्राइले'ही नव्हत. ते याजक होते. तेव्हां 'पाद्रे हेरास', किंवा आपल्याकडे रूढ झाल्याप्रमाणें 'फादर हेरास', हेंच बरोबर.

आपला 'पाद्री' हा शब्द पोर्तुगीज 'पाद्रे'वरूनच आला. परंतु मराठींत तो प्रॉटेस्टंट मंडळीच्या संसारी पाळकासही लागतो. म्हणून केवळ 'पाद्री' म्हटल्यानें त्या मनुष्याचें व्रत कळत नाहीं.

यावरून तीन प्रश्न मनांत ठेवावे: ही व्यक्ति कोठें व कशी राहते? तिला कोणती दीक्षा झाली आहे? तिचा संघ तिला काय म्हणतो?

हेच प्रश्न आपल्या भोंवतालीं लावून पाहा. लीळाचरित्रांत चक्रधरांचें लोणार येथील वास्तव्य वर्णिलें आहे. त्या महानुभाव पंथांत आजही 'महंत' आणि 'तपस्विनी' आहेत, व घरसंसारी अनुयायी 'वासनिक' म्हणविला जातो. दिगंबर जैनांत दोन वस्त्रें ठेवणारा 'क्षुल्लक', केवळ लंगोटी ठेवणारा 'ऐलक', सर्व वस्त्रें त्यागणारा 'मुनि', आणि स्त्री असल्यास 'आर्यिका'. शब्दांतच त्यागाची पायरी दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास धम्मदीक्षा घेतल्यावर 'भिक्खु' व 'भन्ते' हे शब्द वऱ्हाडच्या खेड्यांतही परिचयाचे झाले. त्यांत 'भिक्खु' हें पद आणि 'भन्ते' ही आदराची हांक. जसें 'मोंखा' आणि 'सोर'. उलट 'गोसावी' व 'बैरागी' हीं नांवें आज संसारी कुळांचींही आहेत. तेवढ्यावरून कोणास संन्यासी ठरवूं नये.

रोमन कॅथॉलिक भगिनीस 'सिस्टर' म्हणावें; भाषांतरांत 'मठवासिनी' किंवा 'व्रतस्थ भगिनी' लिहावें. शंका आली, तर "आपणांस काय म्हणून हांक मारावी?" असें विनयानें विचारावें. या प्रश्नाचा राग कोणा व्रतस्थास येणार नाहीं. पालकांनींही मुलांना हीच संवय लावावी. दुसऱ्याच्या व्रताचा मान राखण्यास त्याचें व्रत आपण घ्यावें लागत नाहीं, त्याचें नांव नीट घेतलें तरी पुरे.