वालाचे बिरडे आणि जीवरसायनशास्त्र

बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे पालक अधूनमधून दवाखान्यात विचारतात, "डॉक्टर, मुलगी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करायची म्हणते. तिथले प्राध्यापक नेमके कशावर संशोधन करतात?" विद्यापीठाच्या माहितीपत्रकात प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे त्यांचा विषय छापलेला असतो. विकरांची रचना, प्रथिनांची घडण, पेशींतील चयापचय असे शब्द वाचून सामान्य माणूस ते पत्रक मिटून ठेवतो. म्हणून आज यातलाच एक विषय सांगतो. तो आपल्या कर्जत-खालापुरात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर पिकतो आणि आपल्या चुलीवर शिजतो. तो विषय म्हणजे वाल.

कमलाबाई सोहोनी हे नाव काही वाचकांना ठाऊक असेल. लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत, प्रवेश मिळवलाच, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतल्या. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक आणि नंतर संचालक झाल्या. परदेशी शिकून आलेल्या या बाईंनी संशोधनाला विषय निवडले ते गरिबाच्या ताटातले: नीरा आणि कडधान्ये. १९५५ मध्ये त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्याचा एक लेख 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केल्याची ती नोंद होती.

आता हे ट्रिप्सिन म्हणजे काय? आपण खाल्लेले प्रथिन जसेच्या तसे रक्तात जात नाही, त्याचे बारीक तुकडे व्हावे लागतात. हे तुकडे करणारे एक प्रमुख विकर, म्हणजे एन्झाइम, स्वादुपिंडातून लहान आतड्यात येते. तेच ट्रिप्सिन. वालाच्या दाण्यातला तो पदार्थ या ट्रिप्सिनला असा चिकटतो, की कुलपात किल्ली मोडून अडकावी. कुलूप निकामी. प्रथिन पोटात गेले खरे, पण अंगी लागले नाही. कच्ची कडधान्ये खाऊ घातलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांची वाढ खुंटलेली आढळली. कित्येकांचे स्वादुपिंड जादा विकर तयार करता करता सुजून मोठे झालेले दिसले. झाडाच्या दृष्टीने पाहिले तर यात गैर काही नाही. कीड लागू नये म्हणून बियाण्याने केलेली ती तजवीज आहे.

सुदैवाने हा अडवणारा पदार्थ स्वतःही प्रथिनच आहे. अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने जसा पालटतो, तशीच त्याचीही घडी ओल्या उष्णतेने विस्कटते. मात्र तो चिवट असतो. नुसते भाजून किंवा एक उकळी देऊन भागत नाही.

म्हणूनच आपल्या आज्यांची बिरड्याची रीत मला शास्त्रशुद्ध वाटते. रात्रभर भिजवायचे, पाणी फेकून द्यायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून सोलायचे आणि मऊ शिजवायचे. फेकलेल्या पाण्याबरोबर थोडा कडूपणा आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही जातात. मोड आल्यावर त्या आणखी कमी होतात. सालाबरोबर तुरटपणा जातो. पण खरे काम शिजवण्याचे. हल्ली कच्ची मोडाची कडधान्ये खाण्याची टूम निघाली आहे. मुगाचे एकवेळ ठीक, वालाच्या बाबतीत ती चालणार नाही. लवकर शिजावे म्हणून सोडा घालणाऱ्यांनाही सांगणे आहे, की सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा कुकरची एक शिट्टी जास्त द्या.

हे सारे इतके तपशिलाने सांगण्याचे कारण लहान मुले. आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर आणि गावातल्याही कितीतरी घरांत अंडे, दूध रोज परवडत नाही. वाल मात्र घरात असतो. तरी "बादी पडतो" म्हणून तो मुलाला देत नाहीत आणि वरणाच्या वरच्या पाण्यावर मूल वाढवतात. त्या पाण्यात प्रथिन नावालाच असते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम सुक्या वालात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, साधारण एका अंड्याइतकी. सहा महिने पुरे झाल्यावर मुलाला आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करतात, तेव्हा सोललेला, बोटाने चिरडेल इतका शिजलेला वाल मऊ भातात कालवून एक-दोन चमच्यांपासून द्यावा आणि हळूहळू वाढवावा. भातात जे अमिनो आम्ल कमी ते वालात भरपूर, वालात जे कमी ते भातात असते, त्यामुळे ही जोडी चांगली जमते. वर लिंबू पिळले तर लोहही जास्त शोषले जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र कडधान्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

राहता राहिली पोपटी. थंडीत ती हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भांबुर्ड्याच्या पाल्यात, बंद मडक्यात शेंगा त्यांच्याच वाफेवर शिजतात, ही ओली उष्णताच झाली. पण जाळ घाईत आवरला, की मधल्या शेंगा कच्च्या राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून आलेली मंडळी मला हमखास भेटतात. दाणा दाताखाली करकरला तर ती शेंग बाजूला टाका. उलट्या-जुलाब झालेच तर जलसंजीवनीचे पाणी घोट-घोट पाजत राहावे. मूल मलूल दिसले किंवा त्याला सहा तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.