दातावरचा डाग

मुलांनो, आरशात आपले दात नीट पाहिले आहेत का? काहींच्या दातांवर खडूसारखे पांढरे, तर काहींच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात. "रोज दात घासत नाहीस का?" असे लोक विचारतात. मग ती मुले तोंडावर हात ठेवून हसतात. कोणी राखेने, कोणी विटेच्या भुकटीने दात खसाखसा घासतो. डाग जात नाही. दात मात्र झिजतो.

हा डाग मळाचा नसतो. तो दाताच्या वरच्या आवरणातच असतो. या आवरणाला एनॅमल म्हणतात. ते हाडापेक्षाही कठीण असते. पण मोडलेले हाड जुळते, गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात.

सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिचे एनॅमल मात्र जन्मापासून साधारण तीन वर्षांत तयार होते. त्या काळात बाळ वारंवार आजारी पडले, तर ते कच्चे राहू शकते. पाण्यात फ्लोराइड जास्त असले तरी डाग पडतात. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत हा त्रास आहे. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची रीत काढली.

वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे १९९१ पासून शरद पवार दंत महाविद्यालय आहे. तेथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. अशा डॉक्टरांचे पहिले काम म्हणजे डाग ओळखणे. फ्लोराइडचे डाग बहुतेक दातांवर, दोन्ही बाजूंना सारखे असतात. कच्च्या एनॅमलचे डाग पहिल्या दाढांवर आणि पुढच्या दातांवर, ठळक कडांचे असतात. या दुसऱ्या दोषाला २००१ साली वेगळे नाव मिळाले. त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांच्या पुस्तकांत ते नव्हते. साधी कीड समजून दाढ भरली, तर कडेचे कच्चे एनॅमल तुटते आणि भरलेले सिमेंट निघून येते.

घरीही एक चूक होते. "दुधाची दाढ आहे, पडून जाईल," असे म्हणून अम्मी-अब्बा थांबतात. ती दाढ कायमची असते! थंड पाणी लागताच ती ठणकते, म्हणून मूल तिकडे ब्रशच फिरवत नाही, आणि कीड वाढते. लवकर दाखवले तर डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावतात, खाचा बुजवतात. दाढ फारच ठिसूळ असेल तर तिच्यावर स्टीलची टोपी बसवतात.

स्वाध्याय
१. गेलेले एनॅमल पुन्हा का येत नाही?
२. दोन प्रकारच्या डागांतील फरक सांगा.
३. तुमच्या घरी पिण्याचे पाणी कोठून येते, ते लिहा.