स्वल्पविरामानंतर कर्ता तपासा

प्रश्न : मी स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेची तयारी करते. ‘वॉकिंग टू द बस स्टँड, द रेन स्टार्टेड’ हे वाक्य सराव प्रश्नपत्रिकेत चूक ठरवलं होतं. अर्थ तर कळतो, मग चूक कुठे?
– एक विद्यार्थिनी, मालेगाव (जि. वाशिम)

उत्तर : अर्थ कळतो, पण कर्ता चुकतो. वाक्य ‘-इंग’ रूपाने सुरू झालं, तर स्वल्पविरामानंतर येणारा कर्ताच ती क्रिया करणारा असावा लागतो. इथे कर्ता पाऊस आहे. म्हणजे पाऊसच बस स्टँडकडे चालत निघाला! दुरुस्ती दोन प्रकारे होते : ‘वॉकिंग टू द बस स्टँड, आय गॉट वेट’ किंवा ‘अ‍ॅज आय वॉज वॉकिंग टू द बस स्टँड, द रेन स्टार्टेड’.

मराठीत ‘मी स्टँडवर जाताना पाऊस आला’ हे बिनचूक आहे, कारण ‘जाताना’ला स्वतःचा कर्ता चालतो. ती सवय इंग्रजीत नेली की गुण जातो.

भूतकालवाचक कृदंतालाही हाच नियम. ‘फॉर्म्ड इन 1998, वाशिम डिस्ट्रिक्ट वॉज कार्व्हड आउट ऑफ अकोला’ हे बरोबर. कारण 1998 मध्ये निर्माण झाला तो जिल्हाच. त्याच सुरुवातीपुढे ‘पीपल गॉट अ न्यू हेडक्वार्टर्स’ लिहिलं, तर निर्माण झाली माणसं!

‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’ यांसारखे शब्द मात्र शब्दयोगी अव्ययासारखे वापरले जातात. त्यांना हा नियम लावू नका.

परीक्षेत स्वल्पविरामावर थांबा, ‘कोण?’ असं विचारा आणि मगच पर्याय निवडा.