पडद्यावरील मृगराज

मनुष्याला लाज वाटली की त्याचा चेहराच ते सांगून टाकतो. कान तापतात, दृष्टी जमिनीकडे वळते, शब्द ओठांवर अडखळतो. बोलपटातील नटाला हे सारे आपल्या मुद्रेवर आणून दाखविता येते. परंतु ज्या चित्रपटात नटच नाही, सारी पात्रे कागदावर रेखाटलेली आहेत, तेथे काय करावे? हरणाचे कान किती खाली पडावेत, राजाची मान कोणत्या क्षणी लवावी, हे तेथे चित्रकारालाच ठरवावे लागते. फितीवर एका सेकंदास २४ चित्रे सरकतात. तेव्हा एक उसासा दाखवायचा म्हटला तरी रेखाटनांची चळत उभी राहते! अशा चित्रपटाला आज अ‍ॅनिमेशनपट म्हणतात.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली आगकाड्या थोड्याथोड्या सरकवून त्यांची छायाचित्रे टिपली व काड्यांना पडद्यावर नाचविले. पुढे १९४८ साली भारत सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन केली आणि १९५६ साली तेथे व्यंगचित्रपटांचा विभाग सुरू झाला. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स हे अमेरिकन चित्रकार येथील तरुणांना शिकविण्यासाठी आले. त्या शिकणाऱ्यांत राम मोहन होते. भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून पुढे त्यांची ख्याती झाली. या विभागाने १९५७ साली 'द बनियन डिअर', म्हणजे 'वडाचा मृग', हा चित्रपट तयार केला. नवशिक्यांच्या हाती एखादी हसवणारी गोष्ट देता आली असती. निवडली गेली ती मात्र एक जातककथा, आणि तीही लाजेची व क्षमेची.

वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला शिकारीचे विलक्षण वेड होते. त्याच्यासाठी प्रजेला रोज कामधंदा टाकून रानात धावावे लागे. अखेरीस कंटाळून लोकांनी हरणांचे दोन कळप हाकत आणून राजाच्या उद्यानात कोंडले. एका कळपाचा नायक न्यग्रोध, दुसऱ्याचा शाख. दोघांचीही कांती सोन्यासारखी होती, म्हणून राजाने त्या दोघांना अभय दिले. इतरांवर मात्र बाण सुटू लागले. एक हरिण मरे आणि अनेक घायाळ होत. तेव्हा हरणांनीच ठरविले की पाळीपाळीने एकाने जावे व वधशिळेवर मान ठेवावी.

एके दिवशी शाखाच्या कळपातील एका गाभण हरिणीची पाळी आली. "बाळ जन्मल्यावर आम्ही दोघेही आपापली पाळी देऊ, आज मला सोडा," अशी तिने विनवणी केली. शाखाने नकार दिला. तुझे मरण मी कोणावर टाकू, असे त्याचे म्हणणे. ते अगदीच खोटे नव्हते. न्यग्रोधाकडे ती गेली तेव्हा त्याच्यापुढेही तोच प्रश्न उभा होता. त्याने नियम मोडला नाही. तिच्या जागी तो स्वतः जाऊन शिळेवर मान ठेवून निजला.

आचाऱ्याने हे पाहिले आणि तो धावत राजाकडे गेला. राजा रथातून आला. अभय दिलेला मृग येथे का, हे त्याने विचारले, आणि उत्तर ऐकून तो वरमला. त्याने न्यग्रोधाला व हरिणीला जीवदान दिले. येथे एखादी साधी गोष्ट संपली असती. न्यग्रोध मात्र उठेना. "आम्ही दोघे वाचलो, इतरांचे काय?" राजाने उद्यानातील साऱ्या हरणांना अभय दिले. मग रानातील हरणांचे काय? मग अन्य चतुष्पादांचे, पक्ष्यांचे, पाण्यातील माशांचे? प्रत्येक प्रश्नाबरोबर राजाला आणखी एक पाऊल पुढे यावे लागले. त्याची लाज खाली घातलेल्या मानेपुरती राहिली नाही, ती अशी ओळखू आली.

परदेशी चित्रपटांतही हाच विषय वेगवेगळ्या रीतींनी येतो. डिस्ने यांच्या १९४० सालच्या 'पिनोकिओ'मध्ये लाकडी मुलगा खोटे बोलला की त्याचे नाक वाढते; उनाडक्या केल्या म्हणून त्याला गाढवाचे कान फुटतात. लाज लपविण्याची सोयच नाही! ते कान नुसत्या पश्चात्तापाने जात नाहीत. देवमाशाच्या पोटात अडकलेल्या जेपेटोला सोडविण्यासाठी तो जिवावर उदार होतो, त्यानंतर ते जातात. १९९४ सालच्या 'द लायन किंग'मधील सिंबाची गोष्ट निराळी. पित्याच्या मृत्यूचा दोष कपटी चुलत्याने त्याच्या माथी मारलेला असतो आणि तो छावा ती खोटी लाज घेऊन दूर पळतो. वाटणारी प्रत्येक लाज आपल्या कमाईची नसते, हेही मुलांना कळावयास हवे.

न्यग्रोधाची कथा मुंबईतील चित्रकारांच्या पुष्कळ आधी अजिंठ्याच्या चित्रकारांनी १७ व्या लेण्याच्या भिंतीवर रंगविली. तेथेच रुरू मृगाचीही कथा आहे. ज्याला त्याने बुडताना वाचविले, त्याच मनुष्याने धनाच्या लोभाने त्याचा ठावठिकाणा राजाला सांगितला. आणि संतापलेल्या राजाच्या बाणापासून त्या मनुष्याला वाचविले तेही रुरूनेच.

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकसारख्या गावात वाढलेले मूल न्यग्रोधाची गोष्ट ऐकून एक शंका हमखास काढील: हरणांना अभय मिळाले, पण पिकांचे काय? जातककथेलाही ती शंका ठाऊक आहे. हरणे शेतात शिरून पीक खाऊ लागली आणि राजाने शब्द दिलेला असल्याने शेतकऱ्यांना काठी उगारता येईना. ते राजाकडे गेले, तरी राजा शब्दापासून हटला नाही. हे न्यग्रोधाच्या कानी गेले. त्याने कळपाला बोलावून दुसऱ्याचे पीक खाण्यास मनाई केली आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला की कुंपणे घालू नका, शेताच्या कडेने खूण म्हणून पाने तेवढी बांधा. त्या दिवसापासून बांधावर पाने दिसली की हरणे तेथूनच मागे वळू लागली.